कॅसेट डेकच्या प्लेटचा माईक प्रीअ‍ॅम्प : कामाच्या नोंदी

७ एप्रिल

नागपुरात कॉटन मार्केटकडच्या एका कबाड्याकडून जुना असेंबल्ड डेक उचलला. दीडशे रुपये. लाकडी खोका वाळवीने खाल्लेला, बेल्टचं डांबर झालेलं, मोटर जाम. मला फक्त आतली हेडची प्लेट हवी होती, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा दुबळा सिग्नल मोठा करणारं सर्किट. तिचाच माईक प्रीअ‍ॅम्प करायचा होता, माईकचा बारीक सिग्नल रेकॉर्डिंगपुरता वाढवणारा. तपकिरी प्लेट, दोन चॅनेल, प्रत्येक चॅनेलला दोन बीसी १४९ ट्रान्झिस्टर. घरी आल्यावर बेल्टचं डांबर बोटांना लागलं ते रॉकेलनेही नीट निघेना. हातमोजे घालून खोला.

हे खूळ माझं नाही, भाच्याचं. तो गातो आणि घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. त्याने मला विलायती स्टुडिओंचे फोटो दाखवले. जर्मन रेडिओचे १९५० च्या दशकातले व्ही ७२ नावाचे व्हॉल्व्हचे प्रीअ‍ॅम्प मोड्यूल, नीव्ह या इंग्लिश कंपनीच्या मिक्सिंग टेबलातले १९७० चे १०७३ नावाचे प्रीअ‍ॅम्प. जुनी टेबलं मोडून एकेक चॅनेल सुटा काढतात, पॉवर सप्लाय जोडतात आणि लाखांत विकतात. "मामा, तुमच्याकडे तर असं कबाड भरलं असंन."

होतं. ८६ ते ९४ मी महाल भागातल्या एका दुकानात बसायचो, तेव्हा अशा प्लेटा शेकड्याने लावल्या. कंपनीचा डेक परवडत नव्हता म्हणून लोक आमच्याकडे यायचे. प्रीअ‍ॅम्प, टोन कंट्रोल, पुढे स्पीकर चालवायला एलए ४४४० या आयसीची प्लेट, दर्शनी भागाला नाचणारे दिवे. प्लेटचा स्वतःचा काहीही आवाज ऐकू न येणं हीच तिची तारीफ होती. सीडी आल्यावर उरलेला माल मी स्वतः किलोने विकला.

९ एप्रिल

काही न बदलता आधी चालवून पाहिली. नऊ व्होल्टची बॅटरी, हेडच्या वायरच्या जागी डायनॅमिक माईक, आउटपुट थेट लॅपटॉपला. चालली! तीस वर्षांनी पहिल्या झटक्यात आवाज आला.

सोबत घरघरही आली, पण भाच्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याचा आवाज एकदम भारदस्त, रात्रीच्या रेडिओवरच्या निवेदकासारखा येत होता. "हेच पाहिजे मामा. आता याले हात नका लावू."

मी हात लावला.

१३ एप्रिल

कंडेन्सर बदलायला बसलो. इतक्या जुन्या प्लेटवरचे इलेक्ट्रोलायटिक मोजल्याशिवाय ठेवायचे नाहीत, ही दुकानातली सवय. आउटपुटचा ४.७ मायक्रोफॅरॅडचा मीटरवर ०.१५ दाखवत होता. पार वाळलेला. दुसरा हलवला तर पाय हातात आला.

इथे पहिली चूक. तपकिरी प्लेटवर तांबं नुसतं चिकटवलेलं असतं, जास्त तापलं की सुटतं. मी ६० वॅटचं आयर्न घेऊन बसलो, कारण २५ वॅटचं भाच्याने नेलेलं. दुसऱ्या चॅनेलचा दीड इंच ट्रॅक सालीसारखा वर आला. तो चॅनेल बाजूला ठेवला. एका माईकला एकच लागतो, अशी मनाची समजूत घातली.

एक छोटा सिरॅमिक कंडेन्सर, २२० पिकोफॅरॅडचा, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या पायावर होता. भाचा म्हणाला हा फालतू दिसतो, काढू का. काढायचा नाही. नागपुरात तर मुळीच नाही. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचा १५६६ किलोहर्ट्झवरचा हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर इथलाच होता. हा सिरॅमिक नसला की रात्री टेप बंद असतानाही डेकमधून बातम्या यायच्या आणि गिऱ्हाईक डेक घेऊन परत यायचं. आता बातम्या येत नाहीत, पण मोबाईल जवळ ठेवला तर टर्र येते. राहू दे तो.

सगळे नवे कंडेन्सर लावून चालू केलं आणि हमिंग, म्हणजे ती घरघर, दुपटीने वाढलं. रात्री साडेअकरा. सोल्डर पुन्हा पाहिलं, पोलॅरिटी पाहिली, सगळं बरोबर. झोपलो.

१४ एप्रिल

काम नाही. चौकात मिरवणूक, दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी, रात्री उशिरापर्यंत ढोल. अशा दिवशी घरघर ऐकू येण्याची गोष्टच सोडा.

१८ एप्रिल

चार दिवस डोकं खाल्ल्यावर कागद-पेन्सिल घेऊन प्लेटचं सर्किट उतरवलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरून (आउटपुटचा पाय) पहिल्याच्या एमिटरवर (तिसरा पाय) फीडबॅक येतो, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत मागे. त्या वाटेत अडवणूक जितकी जास्त तितका गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, जास्त. एमिटरला २२० ओहम. फीडबॅकच्या वाटेत ०.०१ मायक्रोफॅरॅड, त्याला समांतर ३३० के (के म्हणजे हजार ओहम) आणि या जोडीला सिरीजमध्ये १२ के. १२ के गुणिले ०.०१ म्हणजे १२० मायक्रोसेकंद. साध्या कॅसेटचं इक्वलायझेशन! पट्टीवरून हेडला खालचे स्वर फार दुबळे मिळतात, म्हणून ही प्लेट साधारण १३०० हर्ट्झपासून खाली खाली जाताना गेन वाढवत नेते. ५० हर्ट्झला फीडबॅकची अडवणूक अडीच लाख ओहमच्या आसपास, वरच्या स्वरांना १२ हजार. म्हणजे कागदावर वीसपट फरक.

आणि आपल्या भिंतीतली वीज किती हर्ट्झची? ५०.

म्हणजे भाच्याला आवडलेला भारदस्तपणा आणि मला छळणारी घरघर एकाच ठिकाणाहून येत होती. माईकला टेपचं औषध पाजलेलं. त्यात भाचा माईक ओठांना लावून गातो, त्यानेही खर्ज फुगतो. हमिंग वाढलं का, तेही कळलं. वाळलेला ०.१५ चा कंडेन्सर लॅपटॉपच्या इनपुटशी मिळून शंभर हर्ट्झच्या खालचं कापत होता. त्याने घरघर अर्ध्याहून जास्त दाबून ठेवली होती. मी नवा टाकला आणि दार उघडून दिलं.

भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला पटलं नाही. "मग जुनी वस्तू वेगळी वाजते म्हणतात ते काय आहे?" मी म्हटलं, १०७३ ला इनपुटला ट्रान्सफॉर्मर, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर; तिथला लोखंडाचा गुण लोक विकत घेतात. आपल्या प्लेटवर लोखंडच नाही. आपल्याकडे आहे ते कॅसेटचं इक्वलायझेशन.

२१ एप्रिल

इक्वलायझेशन काढलं. ०.०१ आणि दोन्ही रेझिस्टन्स उपटून त्या जागी सरळ ४.७ के लावला. गेन साधारण २२ पट. जवळून गाणाऱ्याला पुरेल असा हिशेब.

आवाज स्वच्छ, पण वर चढला की फाटतो. तार सप्तकात तर कागद फाडल्यासारखा. माईकवर संशय, केबलवर संशय, शेवटी लॅपटॉपवरही. दोन तास गेले. मग मीटर लावला : दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.८ व्होल्ट हवेत, दाखवतोय १.६.

मूर्खपणा माझा. आधी ३३० के होता, त्यातून डीसी नावालाच जायचा. आता ४.७ के मधून बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट चालू ठेवणारा, डीसीच सगळा पहिल्याच्या एमिटरवर ओतला जात होता. फीडबॅकच्या वाटेत कंडेन्सर नसेल तर रेझिस्टन्स असा उतरवता येत नाही. दुकानात मी हेच पोरांना ओरडून सांगायचो.

२४ एप्रिल

रेझिस्टन्सला सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरॅड लावला, प्लस कलेक्टरकडे. कलेक्टरवर ४.८ परत. आता रेझिस्टन्स हवा तेवढा ठेवता येतो. ४.७ वर आवाज बारीक वाटला, २२ के वर सळसळ फार. १० के वर थांबलो. ४६ पट. कुणाला करायचं असेल तर इथूनच सुरुवात करा, माझे तीन दिवस वाचवा.

२ मे

ऊन चव्वेचाळीसवर. प्लेट सपाट झाली, म्हणजे सगळ्या स्वरांना सारखी वाढ द्यायला लागली, तरी बारीक, टोकदार 'बर्र' राहिलं. आधीच्या घरघरीसारखं गोल नाही, करवतीसारखं.

मला कुलरचाच संशय. त्यातली टुल्लू मोटर माईकपासून पाच फुटांवर. कुलर बंद केला. पंखाही बंद करून बसलो, कारण पंख्याच्या वाऱ्याने माईक फडफडत होता. 'बर्र' गेलं! म्हणजे कुलरच, असं ठरवून दोन दिवस बिनकुलरचा घामाघूम होऊन काम केलं. टुल्लूची वायर लांब नेली, कुलरला वेगळा प्लग दिला. बायकोने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी कुलर बंदच होता, उकाड्याने चुकून पंखा लावला, आणि 'बर्र' आलं. कुलर निर्दोष. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चोर निघाला. तो विजेची लाट मधूनच कापतो, त्याचे काटे वायरिंगभर फिरतात. पंखा पूर्ण स्पीडवर किंवा बंद असला की शांतता. तीनवर ठेवला की करवत. नवा स्टेपवाला रेग्युलेटर लावला. त्याचा खर्च मी या कामात धरलेला नाही, घरात वळता केला.

दुसरं, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. उरलेली घरघर तिथेच गेली.

५ मे

खोका. रसगुल्ल्याचा पत्र्याचा डबा. लोखंडी पत्र्याचा असल्यामुळे चुंबकीय हमिंगलाही थोडा आडोसा होतो, ॲल्युमिनियममध्ये ते होत नाही. आधी मी ट्रान्सफॉर्मरही घेतला होता, १२-०-१२ चा, एकशे चाळीस रुपयांना, आणि त्याच डब्यात बसवला. डब्याच्या आत चोर घेऊन झोपल्यासारखं. प्लेट कुठेही फिरवली तरी हमिंग. काढला. एका चॅनेलला एक मिलिअ‍ॅम्पिअरसुद्धा लागत नाही. नऊ व्होल्टची साधी बॅटरी महिनोन् महिने जाईल. सप्लायच्या भानगडीतच पडू नका.

डब्याला अर्थिंग दिलं तरी हात लावला की गुणगुण यायची. तासभर डोकं खाजवलं. खाण्याच्या डब्याला आतून पिवळट लाखेचा थर असतो, दिसत नाही पण वीज जाऊ देत नाही. माझा स्क्रू लाखेवर टेकलेला. ब्लेडने नाण्याएवढा गोल खरवडला, पत्रा चकाकला, वॉशर घट्ट केला. गुणगुण गेली. झाकणाचंही तेच, कडेने चार ठिकाणी खरवडलं, तेव्हा झाकण डब्याशी बोलायला लागलं. रसगुल्ल्याचा वास अजून येतो.

शील्ड वायरची जाळी माईकच्या जॅकपाशीच अर्थला जोडली, प्लेटच्या टोकाला नाही. दोन्हीकडे जोडली की परत घरघर.

१९ मे

बीसी १४९ च्या सिलिकॉनवर समाधान झालं तरी भाच्याला जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हवेच. कुठल्यातरी गिटारवाल्याने त्याच्या डोक्यात भरवलंय. माझ्या ट्रंकेत रेडिओग्राममधून काढलेली एसी १२६ ची एक प्लेट होती. हे पीएनपी जातीचे, म्हणजे बॅटरीचा प्लस अर्थला. आधीच्या बॅटरीवर जोडता येत नाही, डब्याचा पत्राच शॉर्ट होईल. वेगळी बॅटरी, वेगळा डबा.

सकाळी सहाला लावली. आवाज सुंदर. खोटं का बोलू, मलाही आवडला. थोडी सळसळ जास्त, वरचे स्वर मऊ. कलेक्टरवर उणे ४.१ व्होल्ट.

२७ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. दुपारी दोनला भाचा मोठ्या उत्साहाने आला. चालू केली तर आवाज नाकातून आल्यासारखा, तुटका. कलेक्टरवर उणे १.२.

जर्मेनियमची गळती, म्हणजे बंद असतानाही झिरपणारा करंट, दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. डिसेंबरच्या पंधरा अंशांच्या रात्री जी होती ती नवतप्याच्या पंचेचाळीसला आठपट. तो ट्रान्झिस्टर थंड देशात बसून जुळवलेला. इथे मे महिन्यात तो स्वतःच उघडतो.

भाच्याने प्लेट कुलरच्या तोंडाशी धरली. पाच मिनिटांत व्होल्टेज परत उणे ३ वर, आवाज परत. त्याला फार आनंद झाला. "झालं ना मामा, कुलर लावून गाऊन राहिलो की बस." मग रेकॉर्डिंग ऐकलं. गाण्याच्या मागे कुलर धो धो. कुलर बंद केला की ट्रान्झिस्टर मरतो, चालू ठेवला की माईकला कुलर ऐकू येतो.

ती प्लेट गुंडाळून ठेवली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापरू. बायसचा रेझिस्टन्स बदलून दोन ऋतूंची सोय करता येईल, पण इतकी हौस मला नाही.

२ जून

भाच्याने कुठूनतरी एनई ५५३२ या आयसीची तयार प्रीअ‍ॅम्पची प्लेट आणली, एकशे ऐंशी रुपये. माझी सपाट केलेली प्लेट आणि ती, दोन्हींची पातळी सारखी करून त्याचंच गाणं रेकॉर्ड केलं आणि नाव न सांगता त्याला ऐकवलं. आठ वेळा. चारदा बरोबर, चारदा चूक. शांत जागी माझ्या प्लेटची सळसळ थोडी जास्त, तेवढाच फरक. मला थोडं वाईट वाटलं. दुकानातल्या त्या मला मात्र बरं वाटलं असतं : काही ऐकू येत नाही म्हणजे प्लेट चांगली.

मग तो हळूच म्हणाला, "मामा, पहिल्या दिवशीचा आवाज परत येईल का?"

काढलेले तिन्ही पार्ट मी डबीत ठेवले होते. १२ के, ३३० के, ०.०१. एक छोटा टॉगल स्विच आणला. एका बाजूला १० के आणि १० मायक्रोफॅरॅड, दुसऱ्या बाजूला कॅसेटची जुनी जोडणी. स्विच फिरवताना टक् आवाज येतो. आधी व्हॉल्यूम खाली घ्यावा लागतो. एवढं चालेल. हमिंगची मुळं आधीच काढलेली असल्याने टेपच्या बाजूलाही घरघर आता जेमतेमच. त्याचा भारदस्तपणा तेवढा उरला.

डब्यावर मार्करने लिहिलं : एकीकडे 'माईक', दुसरीकडे 'डेक'. तो स्विच कायम 'डेक'वरच असतो.

९ जून

हिशेब. डेक १५०, कंडेन्सर ९०, वाया गेलेला ट्रान्सफॉर्मर १४०, शील्ड वायर ८०, जॅक आणि स्विच ११०, बॅटरी-क्लिप ४०. एकूण ६१०. वेळ तीसेक तास, त्यातले निम्म्याहून जास्त चुका शोधण्यात. ५५३२ ची प्लेट १८० ला येते हे माहीत असूनही भाच्याचे दोन मित्र परवा डबा पाहायला आले आणि असाच एक करून द्या म्हणाले. एकाने तर विचारलं, रसगुल्ल्याचाच डबा पाहिजे का, की बिस्किटाचा चालेल.

म्हणून परत कॉटन मार्केटला गेलो. त्याच कबाड्याकडे अजून एक डेक होता, आधीच्यापेक्षा वाईट, दरवाजासुद्धा नव्हता. पाचशे म्हणाला. मी दीडशेची आठवण दिली तर हसला; आता पोरं येऊन प्लेटा पाहून नेऊन राहिले म्हणे. नाही घेतला. घरी येऊन पहिल्या प्लेटचा उखडलेला ट्रॅक काढला, त्या जागी वायरीतली बारीक तार २५ वॅटच्या आयर्नने टाकली. दुसरा चॅनेल लागला. कलेक्टरवर ४.७.